थायरॉईडची गोळी सोडायच्या आधी, आणि सोडलीच असेल तर

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं काउंटरच्या आत उभा आहे आणि त्यातली अकरा वर्षं थायरॉईडची गोळी मी स्वतःही घेतोय. या गोळीबद्दल गिऱ्हाइकांकडून सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच आहे: "दादा, ती बाटली नको यावेळी. सोडली मी. तीन आठवडे झाले, काय झालं नाही की ओ!"

त्या "काय झालं नाही"मध्येच सगळी गोम आहे. ही गोळी सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बहुतेकांना काहीच जाणवत नाही. उलट उठल्याउठल्या चहा प्यायला मिळतो म्हणून जरा बरंच वाटतं.

असं का होतं, हे कळायला सोलापूरकराला उजनी पुरे. पावसाळा सरला की धरणात येणारं पाणी थांबतं, तरी आपल्या नळाला पाणी येतच राहतं. जानेवारीत कुणी धरणाची चौकशी करत नाही. मग एक दिवस पेपरात मथळा येतो, उजनी मायनसमध्ये गेली, आणि सगळे एकदम जागे होतात. थायरॉईड ग्रंथी जे हार्मोन बनवते आणि या गोळीत जे असतं, त्या थायरॉक्सिनचं तसंच आहे. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. आज गोळी बंद केली तर आठवड्याने गोळीचा साठा निम्मा, दोन आठवड्यांनी पाव आणि महिन्याने जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. तुमची ग्रंथी स्वतः थोडंफार बनवत असेल तर तेवढा आधार वेगळा. म्हणून कुणाला दीड महिन्यात कळतं, कुणाला चार महिन्यांनी. कळतं तेव्हा गोळी सोडल्याची आठवणच नसते, आणि माणूस अंगदुखीची गोळी मागायला माझ्याकडे येतो.

ज्यांना गोळी नुकतीच सुरू झाली आहे आणि "ही जन्मभर घ्यायची का?" हा प्रश्न मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषधवाला आहे. डोस ठरवणं माझं काम नाही. पण लोक नेमके कुठे चुकतात ते माझ्या काउंटरवरून चांगलं दिसतं, आणि एकदा मी स्वतःही तीच चूक केली आहे.

झालं असं की एका डिसेंबरात माझा रिपोर्ट छान नॉर्मल आला. मला वाटलं, झालं, बरे झालो. दुकानात भरलेल्या बाटल्या रांगेने उभ्या असताना मी माझी बंद केली, घरी न सांगता. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मी व्यवस्थित चाललो, अक्षता टाकल्या, दम लागला नाही. मनात म्हटलं, बघा, गोळीची गरजच नव्हती. चार गिऱ्हाइकांनाही हे शहाणपण सांगितलं, त्याची लाज अजून वाटते. महाशिवरात्रीच्या सुमाराला दुपारी काउंटरवर डुलक्या यायला लागल्या. उधारीच्या वहीत बेरजा चुकायला लागल्या. रंगपंचमी आली तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी पंख्याखाली स्वेटर घालून बसलो होतो. बायको म्हणाली, "अहो, सगळं सोलापूर घामाने निथळतंय, आणि तुम्ही काय महाबळेश्वरला आहात का?" दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड सुस्तावली की चढणारा आकडा, ६१. नॉर्मल चारच्या आसपासपर्यंतच.

आधी जुनी फाईल काढा

गोळी सोडायचा विचार मनात आला की पहिलं काम म्हणजे घरातली ती प्लास्टिकची पिशवी शोधणं, ज्यात सगळे रिपोर्ट कोंबलेले असतात. त्यातला सगळ्यांत जुना रिपोर्ट हवा, गोळी सुरू होण्याच्या आधीचा. आत्ताचा नॉर्मल रिपोर्ट या कामाला उपयोगाचा नाही. तो गोळी घेऊन आलेला नॉर्मल आहे. चष्मा लावून अक्षरं नीट दिसली म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही, पण "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

जुन्या रिपोर्टात दोन आकडे बघा. एक टीएसएच. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा हुकूम: थायरॉईड सुस्तावली की हुकूम मोठा होतो. प्रौढांत साधारण ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, आणि सत्तरीपुढे थोडा जास्त आकडाही चालवून घेतात. दुसरा फ्री टी-४, म्हणजे प्रत्यक्ष माल किती आहे ते. टीएसएच वाढलेला आणि टी-४ कमी असेल तर ग्रंथी खरोखर थकलेली आहे. टीएसएच थोडासाच वर, दहाच्या आत, आणि टी-४ नॉर्मल असेल तर ती सीमारेषेवरची गोष्ट आहे, आणि गोळी सोडून बघण्याची चर्चा मुख्यतः या लोकांपुरतीच असते. कुठेतरी अँटी-टीपीओ नावाची टेस्टही दिसेल. ती वाढलेली असेल तर शरीराची संरक्षण यंत्रणाच ग्रंथीवर उलटली आहे असा अर्थ. याला हाशिमोटोचा आजार म्हणतात, कारण हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात ग्रंथी बहुतेक वेळा वर्षागणिक अशक्तच होत जाते.

फाईल काढताना एक गोष्ट तपासाच. तुमची गोळी नेमकी कुठली? थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन किंवा आत लिव्होथायरॉक्सिन लिहिलेली दुसरी कुठली असेल तर हा लेख तुमचा. नियोमर्काझोल, म्हणजे कार्बिमाझोल असेल तर तुमचा आजार बरोबर उलटा आहे. ग्रंथी जास्त काम करते म्हणून ती गोळी दिलेली असते, आणि तिचं गणित पूर्ण वेगळं. "मला थायरॉईड आहे" एवढंच म्हणून शेजारणीशी गोळ्यांची तुलना करू नका. थायरॉईड सगळ्यांनाच असते, ती गळ्यातली एक ग्रंथी आहे.

ज्यांनी सोडायचा विचारच करायचा नाही

ऑपरेशनने ग्रंथी काढली असेल किंवा रेडिओआयोडीन, म्हणजे ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी औषध, घेतलं असेल तर प्रश्नच मिटला. कारखानाच नाही, तर माल बाहेरूनच आणावा लागणार. कॅन्सरच्या काही रुग्णांना तपासणीसाठी काही आठवडे गोळी बंद ठेवायला सांगतात, पण ते त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पीयूषिकेच्याच बिघाडामुळे गोळी चालू असेल तर टीएसएचचा आकडा फसवा असतो, त्यांनी त्या आकड्यावरून काहीच ठरवायचं नाही. जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळाची गोळी तर एक दिवसही आपल्या मनाने थांबवू नये. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ या हार्मोनवर उभी असते. त्यातल्या काही मुलांची गोळी तीन वर्षांनंतर थांबवून बघतात, पण ती बालरोगतज्ज्ञांनीच.

आणि गरोदर बाई. इथे मी काउंटरवर भांडतो. "पोटात बाळ आहे, गोळ्या कशाला" म्हणून घरातली वडीलधारी मंडळी ही गोळी बंद करायला लावतात. बाळाची स्वतःची ग्रंथी सुरुवातीचे काही महिने पुरेसं काम करत नाही, तोवर ते आईच्या थायरॉक्सिनवर वाढतं. म्हणून गरोदरपणात गोळी बंद तर करायची नाहीच, उलट बहुतेकींना डोस पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

कुणाची खरंच सुटू शकते

सुटतच नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉईड बिघडलेल्या बऱ्याच जणींची ग्रंथी पुन्हा ताळ्यावर येते. व्हायरल तापानंतर गळा दुखून सुजलेली ग्रंथीही अनेकदा पूर्ववत होते. लिथियम (मनाच्या आजाराचं) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांचं) यांसारख्या औषधामुळे बिघाड झाला असेल आणि ते औषध डॉक्टरांनी बदललं, तरी शक्यता असते. आणि सीमारेषेवरच्या आकड्यावर गोळी सुरू झालेली मंडळी. गोळी थांबवून बघितलेल्या रुग्णांच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांचे आकडे पुढेही नॉर्मल राहिलेले दिसले. ज्यांची ग्रंथी सुरुवातीपासून स्पष्ट थकलेली होती त्यांच्यात हे प्रमाण बरंच कमी होतं.

एक वेगळा गट आहे. गोळी घेतल्यावर छाती धडधडते, झोप उडते, हात थरथरतात, म्हणून सोडणारे. यांचं म्हणणं खरं असतं, पण डोस जास्त झाला असेल तर तो कमी करायचा असतो, शून्य नाही. जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर वयस्कर माणसाच्या हृदयाची लय बिघडू शकते, हाडंही ठिसूळ होतात. तेव्हा त्रास होतोय हे डॉक्टरांना जरूर सांगा, लपवू नका.

सोडून बघायचीच असेल तर

डॉक्टर हो म्हणाले, तरच. आणि तेव्हाही तारीख लिहून. घरातल्या कालनिर्णयवर, जिथे गॅसच्या टाकीची तारीख लिहिता, तिथे "गोळी बंद" असं लिहा. त्या दिवसापासून सहाव्या ते आठव्या आठवड्यातल्या एका दिवशी "रक्त" असं लिहा. इतका अवधी यासाठी, की साठा पूर्ण उतरून टीएसएच आपल्या नव्या आकड्यावर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. दोन आठवड्यांनी केलेली टेस्ट नॉर्मल आली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. माझी यात्रा आठवा. सहा-आठ आठवड्यांची टेस्ट नॉर्मल आली तरी तिथे थांबू नका. पुन्हा काही महिन्यांनी, आणि मग वर्षातून एकदा तरी बघायचं, कारण हाशिमोटो घाईत नसतो.

काही डॉक्टर एकदम बंद करतात, काही आधी डोस अर्ध्यावर आणतात. या गोळीची सवय लागत नाही, त्यामुळे एकदम थांबवल्यावर व्यसनासारखं काही होत नाही. फरक सोयीचा आहे, त्यात माझं मत चालवत नाही.

बंद केली त्या दिवशी दोन गोष्टी करून ठेवा. खिडकीजवळ उभं राहून सकाळच्या उजेडात चेहऱ्याचा फोटो काढा. आणि मोबाईलवर दोन ओळी बोलून आवाज रेकॉर्ड करा. दर रविवारी तेच पुन्हा. वजन आणि बसल्या जागी मिनिटाला नाडीचे ठोके वहीत लिहा. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या फजितीतून शिकलो. माझा आवाज घोगरा झालेला घरात कुणाला कळला नाही, कारण रोज ऐकत होते. पुण्याच्या बहिणीने फोनवर विचारलं, "दादा, सर्दी झाली का रे?" तीनदा विचारलं. सर्दी नव्हती.

अंग काय काय सांगतं

थंडी हे सोलापुरात पकडायला सगळ्यांत सोपं लक्षण आहे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सगळे कूलरसमोर बसले असताना तुम्हाला चादर ओढावीशी वाटली तर दुसऱ्या टेस्टची गरज नाही, थायरॉईडची टेस्ट करा. डिसेंबर-जानेवारीत मात्र हेच लक्षण लपून जातं. म्हणून हिवाळ्यात गोळी सोडलेल्याने घाम येतो का ते बघावं. जिना चढूनही अंग कोरडंच राहतं, कातडीवर नखाने पांढरी रेघ उमटते, टाचा आणि कोपरं खरखरीत होतात.

थकवा सगळेच सांगतात, पण थायरॉईडचा थकवा वेगळा असतो. काम करून दमलं तर झोपून बरं वाटतं. इथे आठ तास झोपून उठल्यावरही जणू रात्रपाळी करून आल्यासारखं वाटतं. विचार हळू होतात. समोरच्याचं नाव जिभेवर येऊन अडतं. शिक्षक बाई होत्या एक, त्या म्हणाल्या, पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यात अडकले, मुलं हसली. त्या दोन महिने गोळीविना होत्या.

पोट साफ न होणं. आपल्याकडे सगळं खापर शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर फोडायची पद्धत आहे. भाकरी तुम्ही जन्मापासून खाताय. दोन महिन्यांत पोट बदललं असेल तर भाकरी बदललेली नाही, दुसरं काहीतरी बदललंय.

आमच्या भागात विडी वळणाऱ्या बायका खूप. बोटांना मुंग्या येतात, रात्री हात झोपतो आणि झटकावा लागतो, असं सांगतात आणि म्हणतात, विडीमुळे. खरंही असेल. पण थायरॉईड कमी झाली की मनगटातून जाणारी नस दाबली जाऊन हेच होतं. एक आक्का, तेलुगू घरातली, मराठी मोजकंच बोलायची, दर आठवड्याला मुंग्यांसाठी व्हिटॅमिनची गोळी न्यायची. थायरॉईडची बाटली घेणं तिने कधी थांबवलं ते मी वही चाळल्यावर लक्षात आलं. पाच महिने. पाच महिने मीच तिला व्हिटॅमिन विकत होतो.

सकाळी चेहरा सुजलेला, विशेषतः डोळ्यांखाली. अंगठी घट्ट. भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ. केस कंगव्यात गुंतून येणं. पाळीत जास्त रक्त जाणं किंवा पाळी अनियमित होणं. पोटऱ्यांत गोळे, पायऱ्या चढताना मांड्या जड. नाडी साठच्या खाली, हेही बघा, पण खेळाडूंची आणि काही बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी तशीही कमीच असते. रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल अचानक चढलेलं. मन उदास, रडू येणं, कशातच गोडी नसणं. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

वजन मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. थायरॉईड कमी झाल्याने वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन ते पाच किलो असतं, आणि त्यात पाणी बरंच असतं. पंधरा किलोचं खापर एकट्या थायरॉईडवर फोडता येत नाही. आणि वजन उतरवायला म्हणून ही गोळी जास्त घेणं हा सरळ हृदयाशी खेळ आहे. मागायला येतात, मी देत नाही.

वरची लक्षणं एकेकटी कुणालाही असू शकतात. रक्त कमी असलं, बी-१२ कमी असलं, शुगर वाढली, झोप अपुरी झाली तरी थकवा येतोच. म्हणून नुसत्या लक्षणांवरून स्वतःचा निकाल लावू नका. तीन-चार गोष्टी एकत्र आल्या, आणि कालनिर्णयवर "गोळी बंद" लिहिलेल्या तारखेला महिना उलटून गेला असेल, तर आठवा आठवडा उजाडायची वाट न बघता रक्त द्या.

ताबडतोब दवाखाना

वयस्कर माणूस, ज्याची गोळी बरेच महिने बंद आहे, तो गुंगीत राहायला लागला, बोलणं असंबद्ध झालं, अंग गार पडलं, श्वास संथ झाला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. छातीचा संसर्ग, कडक थंडी किंवा झोपेची गोळी यातलं काही निमित्त झालं की खूप दिवस साचलेली थायरॉईडची कमतरता अशी एकदम कोसळते. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं. १०८ ला फोन करा, सिव्हिलला किंवा आयसीयू असलेल्या जवळच्या हॉस्पिटलला न्या, आणि दारातच सांगा: "थायरॉईडची गोळी बंद केली होती." हे एक वाक्य कुणी सांगितलं नाही तर तपासणारा डॉक्टर आधी अर्धांगवायू आणि शुगरच शोधत बसतो.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

टीएसएचसाठी उपाशी पोटाची सक्ती नाही, पण दर वेळी सकाळीच, एकाच लॅबमध्ये द्या. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, आणि लॅब बदलली की आकड्यांची तुलना बिघडते. गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिनची गोळी खात असाल तर निदान दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबवाल्याला सांगा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे खोटे येतात. पार्लरमधून, जिममधून मिळालेल्या केसांच्या गोळ्यांत ते हमखास असतं, आणि ते औषध आहे असं कुणी मानतच नाही.

परत सुरू करताना

टीएसएच चढला, डॉक्टर म्हणाले परत सुरू करा. तरुण, धडधाकट माणसाला बहुतेक वेळा आधीचाच डोस पुन्हा देतात. साठीच्या पुढचे, हृदयाचा त्रास असलेले, छातीत दुखणारे यांनी मात्र कपाटातली जुनी बाटली उघडून शंभरची गोळी तोंडात टाकू नये. सुस्तावलेल्या हृदयाला एकदम पळायला लावल्यासारखं होतं. अशांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरू केल्यावर छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे पडले तर लगेच दाखवा.

बरं वाटायलाही वेळ लागतो. धरण एका पावसात भरत नाही. दोन-तीन आठवड्यांत जरा उभारी येते, पूर्ण ताळ्यावर यायला दोन-तीन महिने, केसांना त्याहूनही जास्त. "पंधरा दिवस घेतली, फरक नाही" म्हणून पुन्हा सोडणारे मी पाहिलेत. पुढची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी.

न सोडताही सुटलेली गोळी

रोज घेताय आणि तरी टीएसएच चढलेला. हे गोळी सोडण्याइतकंच नेहमीचं आहे.

नियम असा: उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. सोलापुरात चहा थांबवणं किती अवघड आहे मला ठाऊक आहे, तरी चहाबरोबर घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. रोजच्या धावपळीत हे जमत नसेल, पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची असेल, तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. डॉक्टरांना विचारून वेळ एकदाची ठरवा. कॅल्शियम, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. गरोदर बायकांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतं, त्यांचा इथेच घोळ होतो. सोयाबीनच्या वड्या, सोयापीठ रोज खात असाल तरी शोषण कमी होऊ शकतं. सोडायला नको, सकाळच्या गोळीपासून लांब ठेवा. कोबी, फ्लॉवर शिजवून खा, खुशाल खा.

पाण्याचा दिवस हाही आपल्याकडे एक आजारच. नळ काही दिवसांआड येतो, कधी पहाटे तीनला, आणि घरातली बाई उठल्यापासून पिंपं भरत असते. त्या दिवशी गोळी हमखास चुकते. बाटली पाण्याच्या मोटारीच्या बटणाजवळ ठेवा, असं मी एकीला सांगितलं होतं, आणि ते चाललं. एखादा दिवस चुकली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर डबल घ्यायची की नाही हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा, आपल्या मनाने नको. एका दिवसाने काही बिघडत नाही, साठा असतो.

गरमी. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल यांना नाजूक आहे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, गॅसच्या ओट्यावर, गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या बाटलीतली ताकद उतरू शकते. घरातल्या सगळ्यांत गार, कोरड्या कपाटात, मूळ बाटलीतच ठेवा. आतली ओल शोषणारी पुडी काढून फेकू नका. आणि कंपनी सारखी बदलू नका. आकडा तोच असला तरी बदल झाला तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या. स्वस्त पडते म्हणून दुकानदार दुसरी देत असेल तर विचारा. माझ्यासारख्यालाही विचारा.

शेवटी बाटली संपण्याचा दिवस. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली असते, चार महिने पुरते. ती संपते तेव्हा चिठ्ठी जुनी झालेली असते, डॉक्टरांकडे जायचं राहिलेलं असतं, महिनाअखेर असते. मुद्दाम ठरवून गोळी सोडणारे थोडे, पण अशी आपोआप सुटलेले बरेच. म्हणून तळाशी पंधरा गोळ्या उरल्या की पुढची घ्या.

घरगुती काढे, गुग्गुळ, योगासनं यांबद्दल विचारतात. ज्याला बरं वाटतं त्याने योगासनं करावीत, मीही करतो. पण त्यातलं काहीही बंद पडलेल्या ग्रंथीच्या जागी थायरॉक्सिन बनवून देत नाही. १८९१ मध्ये इंग्लंडातल्या जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून अशा एका बाईला उठवून बसवलं. ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली, पण आयुष्यभर तो अर्क घेत. आपल्या नशिबाने आज मोहरीएवढी गोळी आहे, मेंढी लागत नाही.

माझं म्हणाल तर रंगपंचमीनंतर डॉक्टरांनी चार शब्द सुनावून पुन्हा ८८ वर सुरू केलं. मे महिन्यात टीएसएच ५.२ आला, डोस १०० झाला. रिपोर्ट घेऊन भर दुपारी दुकानात परतलो तेव्हा लाईट गेलेली होती, पंखा बंद, आणि शर्ट पाठीला चिकटला होता. बायको डबा घेऊन आली. तिला म्हटलं, "बघ गं, घाम आला."

ती म्हणाली, "आता तो स्वेटर धुवायला टाका."